लीगमधलं प्रमोशन-रेलिगेशन: नियम कोणत्या क्रमाने लिहावेत आणि घोळ कुठे होतो

खालच्या डिव्हिजनची फुटबॉल लीग चालवणाऱ्या बहुतेक समित्यांच्या नियमावलीत प्रमोशन (वर जाणं) आणि रेलिगेशन (खाली येणं) या विषयावर एकच ओळ असते: ‘पहिले दोन संघ वर जातील, शेवटचे दोन खाली येतील.’ हंगाम सुरू होताना ती पुरेशी वाटते. शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं की पहिल्या दोघांपैकी एकाकडे वरच्या डिव्हिजनच्या मापाचं मैदान नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्याचे गुण सारखे आहेत आणि तळाचा एक संघ केव्हाच स्पर्धा सोडून गेलाय. मग तातडीची बैठक बसते. तिथे जो काही निर्णय होतो, तो कुणाला तरी तारतो आणि कुणाला तरी बुडवतो. गुणतक्ता समोर ठेवून केलेला नियम कितीही सरळ असला तरी हरणाऱ्याला तो पटत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.

खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्या. बहुतेक जण सुरुवात गोलफरकापासून (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) करतात. तो तिसरा टप्पा आहे.

तयारी: लिहायला बसण्याआधी

चार गोष्टी टेबलावर हव्यात. प्रत्येक डिव्हिजनमधल्या संघांची पक्की यादी, प्रत्येक संघाचं नोंदवलेलं मैदान, हंगामात सामन्यांसाठी खरोखर मिळणारे दिवस, आणि तुमच्या वरच्या संघटनेची नियमावली. शेवटची गोष्ट लोक विसरतात. खेळाडूंची नोंदणी, निलंबन आणि अपील याबाबत वरच्या संघटनेचा नियम तुमच्या नियमावर मात करतो. तिथे स्वतःची वेगळी वाट काढली तर पहिल्याच अपिलात ती कोसळते.

माणसंही आत्ताच ठरवा. स्पर्धा चालवणारी समिती वेगळी, अपील ऐकणारी समिती वेगळी. अपील ऐकणाऱ्यांपैकी कुणीही लीगमधल्या क्लबचा पदाधिकारी नको. छोट्या ठिकाणी अशी माणसं मिळणं कठीण असतं, हे खरं. निवृत्त पंच या कामाला चांगले, कारण सगळेच क्लब त्यांच्यावर सारखेच नाराज असतात.

टप्पा १: जागांचं गणित

कोण वर जाणार हे नंतर. आधी किती जागा आहेत ते कागदावर मांडा.

समजा वर एक डिव्हिजन दहा संघांची, खाली पूर्व आणि पश्चिम असे बारा-बारा संघांचे दोन गट. दोन्ही गटांचे विजेते वर, वरचे शेवटचे दोन खाली. वरकरणी हिशेब जुळला. पण खाली येणारे दोन्ही संघ पूर्वेकडचे निघाले तर? वर गेलेल्या दोघांपैकी एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. म्हणजे पुढच्या वर्षी पूर्व गटात तेरा आणि पश्चिमेत अकरा.

‘एका संघाने काय फरक पडतो’ असं म्हणण्याआधी मोजा. बारा संघांच्या दुहेरी साखळीत (प्रत्येकाशी दोनदा) प्रत्येकाला २२ सामने, एकूण १३२, आणि खेळायचे दिवस २२. तेरा संघ झाले की विषम संख्येमुळे दर फेरीत एक संघ बसून राहतो, दिवस २६ लागतात आणि एकूण सामने १५६ होतात. एका संघामुळे चार आठवडे आणि २४ सामने वाढले. पंच, मैदान, पावसाळा यांचा हिशेब तुम्हीच करा.

यावर दोन उपाय चालतात. एक, गटांची सीमा दरवर्षी नव्याने आखायची आणि तो अधिकार समितीला असल्याचं आधीच लिहायचं. दोन, गटातून खाली जाणाऱ्यांची संख्या वरून येणाऱ्यांच्या संख्येनुसार बदलती ठेवायची. दुसरा उपाय हिशेबाला नेटका, पण तळाच्या संघाला शेवटपर्यंत कळत नाही की आपण सुरक्षित आहोत की नाही. तो निवडलात तर ‘एक वरून आला तर इतके खाली, दोन आले तर इतके, एकही नाही तर इतके’ असा छोटा तक्ता नियमावलीतच छापा.

विजेते जास्त आणि जागा कमी, ही दुसरी अडचण. जर्मनीतली चौथ्या पातळीची रेगिओनाललिगा याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. २०१२ पासून तिचे पाच विभाग आहेत. सुरुवातीला तिसऱ्या लीगमध्ये जागा होत्या तीन, आणि त्यासाठी पाच विजेते व नैऋत्य विभागाचा उपविजेता असे सहा संघ प्ले-ऑफ (साखळी संपल्यावरचे निर्णायक सामने) खेळायचे. लीग जिंकूनही वर जाता येत नाही यावर तिथे वर्षानुवर्षं ओरड झाली. नंतर जागा चार झाल्या. आता पश्चिम आणि नैऋत्य विभागांचे विजेते थेट वर जातात, तिसरी थेट जागा उत्तर, ईशान्य आणि बव्हेरिया यांच्यात आळीपाळीने फिरते, आणि त्या तिघांतले उरलेले दोन विजेते चौथ्या जागेसाठी आपसात भिडतात. लोकोमोटिव्ह लाइपझिग २०२५ मध्ये ईशान्येचे विजेते होते. हाफेल्सेकडून प्ले-ऑफ हरले आणि जिथे होते तिथेच राहिले.

तुमच्याकडे विजेत्यांइतक्या जागा नसतील तर गट कमी करा. ते जमत नसेल तरच प्ले-ऑफ.

*तपासा:* पुढच्या तीन हंगामांचा संघसंख्येचा हिशेब मांडून बघा. कुठल्याही डिव्हिजनची संख्या आपोआप फुगत किंवा आटत असेल तर गणित चुकलंय.

टप्पा २: वर जायला पात्र कोण

अटी मोजक्या आणि मोजता येतील अशा ठेवा: मैदानाची लांबी-रुंदी, कपडे बदलायच्या खोल्या, प्रशिक्षकाचा परवाना, थकबाकी नाही. ‘समाधानकारक सोयी’ असे शब्द म्हणजे भांडणाला आमंत्रण.

अटी तपासायची तारीख हंगामाच्या शेवटी नको. साधारण दोन-तृतीयांश सामने झाल्यावर हवी. त्या तारखेपर्यंत वर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक संघाने लेखी अर्ज करायचा, मग तो पहिला असो की सहावा. २०२० मध्ये जर्मनीच्या पश्चिम विभागात रोडिंगहाउझन गुणतक्त्यात पहिले होते, पण त्यांनी तिसऱ्या लीगच्या परवान्यासाठी अर्जच केला नव्हता. संधी मिळाली फेर्लला, आणि फेर्ल वर गेले. परवान्याची अट आधीपासून स्पष्ट होती, त्यामुळे विजेत्याऐवजी दुसऱ्याला संधी कशी, हा प्रश्न उरला नाही.

इंग्लंडमध्ये १९९४ ते १९९६ अशी सलग तीन वर्षं कॉन्फरन्सचे (पाचव्या पातळीच्या लीगचे) विजेते, म्हणजे किडरमिन्स्टर, मॅकल्सफील्ड आणि स्टीव्हनेज, मैदानाच्या निकषांवर अडले. त्यामुळे वरच्या लीगमध्ये तळाला राहिलेले नॉर्थॅम्प्टन, एक्सेटर आणि टॉर्की वाचले. पात्रतेचा नियम फक्त वर जाणाऱ्याचं नाही, खाली येणाऱ्याचंही भवितव्य ठरवतो.

एकाच क्लबचे दोन संघ असतील तर त्यांचा नियम इथेच लिहा. मुख्य संघ आणि ‘ब’ संघ एका डिव्हिजनमध्ये नकोत, इथवर सगळ्यांना सुचतं. मुख्य संघ खाली आला तर ‘ब’ संघाचं काय, हे सुचत नाही. स्पेनमध्ये २०१२ साली व्हियारेआल पहिल्या डिव्हिजनमधून खाली आला आणि त्यांचा ‘ब’ संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सुरक्षित जागी असूनही आणखी खाली ढकलला गेला. नियम कठोर आहे, पण लिहिलेला होता.

टप्पा ३: गुण सारखे झाले तर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू.

पहिला प्रश्न: आधी गोलफरक की आपसातले सामने? इंग्लिश प्रीमियर लीग गोलफरक आधी बघते, स्पॅनिश ला लीगा आपसातले सामने. दोन्ही चालतं. खालच्या लीगसाठी माझा कल आपसातल्या सामन्यांकडे आहे, कारण इथे एखादा संघ नऊच खेळाडू घेऊन येतो आणि १४-० हरतो. तो दिवस ज्याच्या वाट्याला आला त्याचा गोलफरक हंगामभर फुगलेला. मात्र तुमची साखळी एकेरी असेल तर गोलफरकच ठेवा. एका सामन्यात एकालाच घरचं मैदान मिळतं, आणि तेवढ्यावर हंगामाचा निकाल लावणं बरं नाही.

दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही: तीन संघ अडकले तर? आकडे घेऊन बघू. अ, ब आणि क यांचे एकूण गुण सारखे. आपसात प्रत्येकी चार सामने झालेत:

- अ ने ब ला १-० हरवलं. ब ने अ ला ३-१ हरवलं.
- अ ने क ला ४-० हरवलं. दुसरा सामना १-१.
- ब ने क ला १-० हरवलं. दुसरा सामना ०-०.

तिघांच्या छोट्या तक्त्यात अ चे ७, ब चे ७, क चे २. क तिसरा, हे नक्की. आता अ आणि ब यांच्यात पहिला कोण?

एका वाचनानुसार क बाजूला झाला, आता फक्त अ-ब यांचे सामने नव्याने बघायचे. तिथे गुण सारखे, गोल ब चे तीन आणि अ चे दोन. ब पहिला. दुसऱ्या वाचनानुसार तिघांच्याच तक्त्यात पुढचा निकष, म्हणजे गोलफरक, लावायचा. अ चा अधिक तीन, ब चा अधिक दोन. अ पहिला. सामने तेच, गोल तेच, नियमातलं वाक्यही तेच: ‘आपसातील सामन्यांचा निकाल बघावा.’ विजेते मात्र दोन.

युरोपियन फुटबॉल संघटना आपल्या युरो स्पर्धेत आधी दुसऱ्या वाचनासारखं करते: अडकलेल्या सगळ्यांच्या तक्त्यात गुण, गोलफरक आणि गोल हे तिन्ही निकष लावायचे, आणि तरीही काही संघ सारखेच राहिले तरच उरलेल्यांसाठी निकष पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही कुठलीही घ्या, पण हे वाक्य लिहा.

निकषांच्या यादीचा शेवटही विचारात घ्या. सगळं सारखं निघालं तर काय? जागा प्रमोशनची किंवा रेलिगेशनची असेल तर तटस्थ मैदानावर एक सामना. बाकीच्या क्रमांकांसाठी चिठ्ठी पुरे. पिवळ्या-लाल कार्डांची बेरीज हा निकष कागदावर चांगला दिसतो. पण तुमच्या पंचांचे अहवाल वेळेवर आणि पूर्ण येतात का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

*इशारा:* हंगाम चालू असताना लावलेला तक्ता गोलफरकाने लावा आणि खाली तसं लिहा. आपसातले सगळे सामने होईपर्यंत तो निकष लागू करता येत नाही. अर्धवट लागू केला की दर आठवड्याला फोन येतात.

वेगवेगळ्या गटांतल्या संघांची तुलना करायची असेल, म्हणजे ‘दोन्ही गटांतला चांगला उपविजेता’ वर न्यायचा असेल, तर एकूण गुण बघू नका. बारा संघांच्या गटात २२ सामन्यांत ४६ गुण म्हणजे सामन्यामागे २.०९. अकराच्या गटात २० सामन्यांत ४३ म्हणजे २.१५. कमी गुणांचा संघ पुढे आहे.

टप्पा ४: संघ सोडून गेला, सामना झालाच नाही

खालच्या लीगमध्ये हे अपवाद नाहीत, दरवर्षीचं आहे. तीन वेगळ्या परिस्थिती आहेत, त्यांचे नियमही वेगळे.

*एक सामना न होणं.* न आलेल्या संघाविरुद्ध ३-० असा निकाल देण्याची पद्धत फिफाच्या शिस्तपालन नियमांतही आहे. अपात्र खेळाडू खेळवल्यामुळे सामना गमावला, पण मैदानावर समोरच्या संघाने आधीच ५-० जिंकला होता, तर ५-० राहतो. हा बारकावा लिहा.

*संघाने मधेच स्पर्धा सोडणं.* समजा २२ पैकी ९ सामने खेळून एक संघ निघून गेला. अ ने त्याला हरवून तीन गुण घेतलेत, ब चा सामना अजून व्हायचाय. सगळे निकाल पुसले तर अ चे कमावलेले गुण जातात. उरलेल्या सामन्यांत वॉकओव्हर दिला तर ब ला घाम न गाळता तीन मिळतात. ‘निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर पुसा, जास्त झाले असतील तर वॉकओव्हर’ हा नेहमीचा तोडगा. दुहेरी साखळीत मला याहून बरी वाटणारी पद्धत अशी: पहिली फेरी पूर्ण झाली असेल तर पहिल्या फेरीचे निकाल ठेवा आणि दुसऱ्या फेरीचे, झालेले-न झालेले सगळे, पुसा. प्रत्येकजण त्या संघाशी एकदा खेळलेला असतो. कुणाचं फुकट वाढत नाही.

सोडून गेलेला संघ रेलिगेशनच्या जागांपैकी एक धरायचा की नाही, हेही लिहा. ऑगस्ट २०१९ मध्ये बरी हा क्लब इंग्लिश लीगमधून काढून टाकला गेला. लीग वन (तिथली तिसरी पातळी) त्या हंगामात २३ संघांची झाली आणि चारऐवजी तीनच खाली गेले. म्हणजे तो धरला गेला.

*अख्खा हंगामच अर्धवट राहणं.* ‘किमान इतके टक्के सामने झाले असतील तर सामन्यामागे सरासरी गुणांनी क्रम, नाहीतर प्रमोशन-रेलिगेशन रद्द’ एवढं पुरतं. २०२० मध्ये लीग वन थांबली तेव्हा वायकम आठवे होते. सरासरी लावल्यावर तिसरे झाले, प्ले-ऑफ जिंकले आणि वर गेले. पीटरबरो सहाव्यावरून सातव्यावर सरकले आणि प्ले-ऑफलाही मुकले. सरासरी कोणाला फायद्याची हे आधी माहीत नसतं, म्हणूनच ती हंगामाआधी ठरवायची.

टप्पा ५: रिकामी जागा कशी भरायची

विजेत्याने नकार दिला किंवा तो अपात्र ठरला. आता दोन वाटा: खालच्या गटातल्या पुढच्या संघाला न्यायचं, की वरच्या डिव्हिजनमधून खाली येणाऱ्याला वाचवायचं. मिश्र नियम चालतो: ‘तिसऱ्या क्रमांकापर्यंत पात्र संघ शोधावा; न मिळाल्यास खाली येणाऱ्यांपैकी वरच्या क्रमांकाचा संघ राहील.’ किती खाली जायचं तो आकडा हवाच. नाहीतर सहाव्या क्रमांकाचा संघ अर्ज घेऊन दारात उभा राहतो, आणि त्याला नाही म्हणायला नियम नसतो.

नकार देणाऱ्याला दंड ठेवावा का? माझ्या मते खर्च न झेपणाऱ्या क्लबला शिक्षा करण्यात अर्थ नाही. अर्ज करून, परवाना मिळवून, शेवटच्या क्षणी माघार घेणाऱ्याला मात्र जरूर ठेवा.

टप्पा ६: प्ले-ऑफ असेल तर

एक सामना की दोन, मैदान कुणाचं, जादा वेळ आहे का, पेनल्टी कधी, साखळीतली कार्डं पुढे धरायची का. पाच प्रश्न, पाच वाक्यं. बाहेरच्या मैदानावरच्या गोलला जादा वजन देऊ नका. युरोपियन संघटनेनेही २०२१-२२ पासून तो नियम काढला. त्याआधी २०२० मध्ये लाइपझिगच्या त्याच लोकोमोटिव्हने फेर्लशी दोन्ही सामने बरोबरीत सोडवले, २-२ आणि १-१, आणि न हरता बाद झाले.

एकच सामना असेल तर साखळीत वर असलेल्याला घरचं मैदान द्या. हंगामभराच्या कामगिरीला एवढं तरी मोल हवं.

टप्पा ७: तारखा आणि मुदती

शेवटच्या फेरीतले, प्रमोशन किंवा रेलिगेशनवर परिणाम करणारे सगळे सामने एकाच वेळी सुरू करा. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशी संपला होता. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना नेमका कोणता निकाल दोघांनाही पुरतो हे ठाऊक होतं, आणि १-० नंतर खेळ जवळजवळ थांबला. १९८६ पासून विश्वचषकात गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात. तुमच्याकडे तेवढी मैदानं किंवा पंच नसतील तर फक्त निर्णायक सामने तरी एका वेळी घ्या.

तक्रारीची मुदत सामन्यानंतर ४८ तासांची ठेवा, शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी २४ तासांची. अपिलाचा निर्णय किती दिवसांत, तेही लिहा. भारतातल्या आय-लीगचा २०२४-२५ चा हंगाम आठवा: शेवटचा सामना एप्रिलमध्ये झाला, चर्चिल ब्रदर्सला विजेते घोषित केलं गेलं, आणि जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाच्या निर्णयानंतर विजेतेपद इंटर काशीकडे गेलं. वादाच्या मुळाशी खेळाडूंच्या पात्रतेच्या तक्रारी होत्या, आणि त्यातला एक सामना तर जानेवारीतला होता.

*इशारा:* गुण कापण्याची शिक्षा या हंगामात लागू की पुढच्या, हे लिहिलेलं नसेल तर एक शिक्षा दोन हंगाम नासवते.

टप्पा ८: नियमांची चाचणी

ही पायरी आम्हीही एकदा गाळली होती, आणि ‘उपविजेता’ या शब्दाचे दोन अर्थ निघाल्यावर तीन तास बैठक चालली.

मागच्या हंगामाचा शेवटचा तक्ता घ्या आणि नवे नियम लावा. मग मुद्दाम बिघडवा: विजेता अपात्र करा, तिघांचे गुण सारखे करा, एक संघ मधेच काढा, वरून येणारे दोघे एकाच गटात टाका. समितीतल्या दोघांना वेगवेगळं बसवून उत्तर काढायला सांगा. उत्तरं वेगळी आली की त्या कलमाची भाषा बदला.

शेवटी एक खोडकर प्रश्न: या नियमांत एखाद्या संघाला हरण्यात किंवा स्वतःवर गोल करण्यात फायदा आहे का? हसू नका. १९९४ च्या कॅरिबियन कप पात्रता फेरीत जादा वेळेतला गोल्डन गोल (जो होताच सामना संपतो) दोन गोलांइतका धरला जाणार होता. बार्बाडोसला ग्रेनाडाविरुद्ध दोन गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं. २-१ वर असताना वेळ संपत आली, तेव्हा त्यांनी मुद्दाम स्वतःच्याच जाळीत चेंडू मारून २-२ केलं. एका गोलाने हरूनही ग्रेनाडा पुढे जाणार होता, त्यामुळे त्याला आता कुठल्याही जाळीत गोल चालणार होता, म्हणून बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही टोकांना पहारा देत उभे राहिले. सामना जादा वेळेत गेला, बार्बाडोसने गोल केला, ४-२.

टप्पा ९: सही आणि जाहीर करणं

नियमावली पहिल्या सामन्याआधी प्रत्येक क्लबच्या सचिवाकडून सही घेऊन द्या. नुसती मोबाइलवर पाठवू नका. हंगाम सुरू झाल्यावर बदल करावाच लागला तर तो पुढच्या हंगामापासून लागू.

शेवटच्या सामन्याच्या रात्री तक्ता लावा, पण त्यावर ‘तात्पुरता’ असं ठळक लिहा. तक्रारींची मुदत संपली, अपिलं निकाली निघाली, पात्रतेचे दाखले पुन्हा पाहिले, की मग अंतिम तक्ता, आणि त्याच कागदावर पुढच्या हंगामातल्या सगळ्या डिव्हिजनच्या याद्या. करंडक त्याच दिवशी द्या. तात्पुरत्या तक्त्यावर दिलेला करंडक परत मागायला जाणं हे सचिवाच्या वाट्याला येणारं सगळ्यात वाईट काम आहे.